इंग्रजी शब्दांची मुळं सांगण्यात शिकवणीचा वेळ वाया जातो का?

सुरसागरकाठी
नमस्कार मंडळी. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात नववी-दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. चौदा मुलं, संध्याकाळी साडेसहा ते आठ.

जुलैतली गोष्ट. फळ्यावर कर्ज या अर्थाचा 'डेट' शब्द लिहिला, तर मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "टीचर, बी बोलायचा नाही तर लिहायचा कशाला?" पाठ करा म्हणून पुढे जाता आलं असतं. पण उत्तर मला माहीत होतं आणि सांगितल्याशिवाय राहवेना. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे लॅटिन शिकलेल्या पंडितांना वाटलं, मूळ शब्द 'देबितुम' आहे तर त्याची खूण दिसायला हवी. त्यांनी लिहिताना बी घातला. लोकांनी तो हाताने लिहिला, तोंडाने कधी म्हटला नाही. 'डाउट'मधला बी पण असाच आलेला.

त्या मुलाने वहीत बीभोवती गोल काढला आणि बाजूला मराठीत लिहिलं, 'पाहुणा'.

तेव्हापासून मी रोज सुरुवातीला एका शब्दाचं मूळ सांगते. आता एका घरून निरोप आलाय की आधी कोर्स पूर्ण करा, गोष्टी नंतर. निरोप रागाचा नव्हता, काळजीचा होता, म्हणूनच जास्त लागला. मला हा विषय जिवापाड आवडतो, हे खरं. पण माझी आवड मी मुलांवर लादतेय का? तुम्हाला हा नाद कसा लागला आणि त्याचा कधी उपयोग झाला का, ते सांगा.

राधिका_घडियाळी_पोळ
वाचतेय. फार जिव्हाळ्याचा विषय काढलात ताई.

नेवरेकर
मला नाद लागला तो मुंगसामुळे. आमच्या वाडीत परसात मुंगूस यायचं. इंग्रजी पाचवीत सुरू झालं तेव्हा पुस्तकात 'माँगूस' वाचलं आणि वाटलं, हे तर आपलंच! वडील म्हणाले, योगायोग असेल. कॉलेजात गेल्यावर शब्दकोश उघडला, तर व्युत्पत्तीच्या जागी चक्क 'मराठी' लिहिलेलं. शेवटचं 'गूस' हंसासारखं लिहितात ते नुसतं कानाला तसं लागलं म्हणून. हंसाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून अनेकवचनही हंसासारखं 'गीज' होत नाही.

तो कोश मी वडिलांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि शेजारच्या काकांना हाक मारली.

मांडवीकर
सुरसागरकाठी, तुम्ही हे बंद करू नका. मी ७४ वर्षांचा आहे. मला हा नाद मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लागला. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं केलं, त्यातली ही मुख्य. तिथे पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची. जाड, धूसर काच, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा. वर कोणी चाललं की खाली पुस्तकावर त्याच्या पावलांची सावली सरकायची. त्या सावल्यांखाली उभं राहून मी 'हॉब्सन-जॉब्सन' चाळलंय.

नव्या मंडळींसाठी सांगतो. यूल आणि बर्नेल या दोघांनी केलेला हा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेले आपले शब्द त्यात आहेत. बर्नेल तो छापलेला पाहायला उरले नव्हते. नावाचीही गंमत आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा पुकारा गोऱ्या सोजिरांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला. शब्द एका तोंडातून दुसऱ्या कानात जाताना त्याचं काय होतं, ते त्या नावातच दिसतं.

आणखी एक. आपल्या शहराला शब्दांची कदर जुनी आहे. महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत आणि इतर भाषांत काय म्हणायचं, ते त्यात एका ओळीत मांडलंय. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ संस्थानच्या नोकरीत होते आणि बडोदा कॉलेजात फ्रेंच नि इंग्रजी शिकवत. ग्रीक-लॅटिन कोळून प्यालेला माणूस. त्यांच्या तासाला बसलेल्या मुलांचा मला अजून हेवा वाटतो.

वडाची_सावली
मांडवीकर आजोबांच्या प्रतिसादाला साष्टांग नमस्कार.

वडोदऱ्याच्या धाग्यावर वडाची गोष्ट यायलाच हवी. शहराच्या नावातच वड आहे, जुनं नाव वटपद्रक. आता इंग्रजीत वडाला काय म्हणतात? 'बॅनियन'. आणि तो शब्द कुठला? आपल्या गुजरातीतला 'वाणियो'. गुजरातचे व्यापारी इराणच्या आखातापर्यंत पेढ्या घालून बसलेले. तिथे बंदर अब्बासजवळ एका मोठ्या वडाखाली त्यांचं बसणं-उठणं आणि पूजाअर्चा चाले. येणाजाणारे युरोपियन त्याला 'वाण्यांचं झाड' म्हणू लागले. पुढे 'वाण्यांचं' गेलं नाही, 'झाड' गळलं, आणि जगातल्या सगळ्या वडांना वाण्यांचं नाव मिळालं.

याच वाण्यांच्या सैल अंगरख्यालाही इंग्रज 'बॅनियन' म्हणत. तोच शब्द फिरून आपल्याकडे आला आणि दोरीवर वाळत पडला. आपला बनियन! मला हे कळलं त्या दिवशी मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. हातात नवऱ्याचा बनियन, समोर पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी वड. दोघं एकाच घरचे, हे मनात येऊन तशीच उभी राहिले.

जयतु_संस्कृतम्
सगळं मूळ संस्कृतातच आहे हो. दुहितृ वरून डॉटर, पितृ वरून फादर, 'नवगती' वरून नॅव्हिगेशन. मुलांना हे सांगा, अभिमान वाटेल.

ध्वनिवेल्हाळ
जयतु, तुमचं प्रेम समजतं, पण मुलांना हे असं सांगू नका. मी भाषाशास्त्र शिकलेय, थोडं सविस्तर लिहिते.

दुहितृ आणि डॉटर एकाच घरातले आहेत, हे खरं. पण त्यांचं नातं आई-मुलीचं नाही, बहिणी-बहिणींचं आहे. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की तिन्ही एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नसेल. नंतर ग्रिम या जर्मन अभ्यासकांनी नियमच दाखवला. जिथे संस्कृत-लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'प' येतो, तिथे इंग्रजीत 'फ' येतो. पितृ, लॅटिन पातेर, इंग्रजी फादर. पाद आणि फूट. पूर्ण आणि फुल. एक जोडी योगायोगाने जुळली असती, पण इथे शब्दांची रांगच्या रांग एकाच जागी वळते. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

'नवगती' मात्र सोडून द्या. नॅव्हिगेशन लॅटिनमधूनच बनलेला शब्द आहे, 'नाविस' म्हणजे नौका आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे. त्यातली नौका आपल्या 'नौ'ची सख्खी बहीण आहे. एवढं खरं नातं हातात असताना बनावट नातं कशाला जोडायचं?

संस्कृतातून निघून इंग्रजीत पोचलेले शब्द वेगळे आहेत आणि ते भरपूर आहेत. शर्करा फारसी-अरबीतून फिरत 'शुगर' झाली, खंड 'कँडी' झाला. नारंग इराणात नारंग, अरबीत नारंज, स्पेनमध्ये नारान्हा आणि फ्रान्समध्ये पोचेपर्यंत पुढचा 'न' गळून 'ऑरेंज'. बाजारात फळ ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने नाव गेलं.

जयतु_संस्कृतम्
बहिणीचं नातं पटलं. नारंगाची वाट माहीत नव्हती. धन्यवाद, रागावलो नाही.

हिशेबनीस_मकरपुरा
सगळे छान छान म्हणताहेत, मी पालक म्हणून दुसरी बाजू मांडतो. मुलगी आठवीत आहे. शिकवणीची फी मी ओव्हरटाइम करून भरतो. पेपरात संत्र्याचा प्रवास विचारत नाहीत. उतारा, व्याकरण, निबंध, पत्र विचारतात. तिचे काळ चुकतात. 'हॅज बीन' आणि 'हॅड बीन' यात गोंधळ होतो. रोज पाच मिनिटं म्हणजे महिन्याला दोन तास. त्या दोन तासांत काळ पक्के झाले असते. ज्या घरून निरोप आला त्यांना मी समजू शकतो.

राधिका_घडियाळी_पोळ
हिशेबनीस दादा, मुद्दा खरा आहे. पण शब्द लक्षात राहिला तरच निबंधात येणार ना?

वॉर्डमधून
मी नर्स आहे, सयाजीगंजकडे ड्यूटी असते. मराठी माध्यमातून नर्सिंगला गेले. पहिल्या वर्षी शरीरशास्त्राच्या पुस्तकाने रडवलं. पानभर शब्द, एकाचाही अर्थ लागेना. मग एका सीनिअर सिस्टरने वहीच्या मागच्या पानावर तुकडे करून दिले. 'आयटिस' शेवटी आला की सूज. 'हेपाट' यकृत, 'नेफ्र' मूत्रपिंड, 'आर्थ्र' सांधा. झालं! तीस शब्द पाठ करायचे होते, ते आठ तुकड्यांत बसले. हिशेबनीस दादा, तुमची मुलगी उद्या बारावीला बायोलॉजी घेणार असेल तर हे पाच-पाच मिनिटं तिचे दिवस वाचवतील.

आणि एक गंमत. 'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. आपण मराठीत काय म्हणतो? बेटकुळी! त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. मी हे वॉर्डात एका दहा वर्षांच्या मुलाला सांगितलं, सलाईन लावायचं होतं म्हणून. त्याने दुसरा दंड आवळून बेटकुळी काढली आणि बघत बसला. सुई कधी लागली त्याला कळलं नाही.

नेवरेकर
बेटकुळी!! वाचनखूण साठवली.

खिडकीशी
वॉर्डमधून ताई, तुमच्यामुळे हे आठवलं. 'विंडो' हा मुळात नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांचा शब्द, 'विंदाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. आणि आपलं गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. भिंतीला भोक पाडलं की तिकडच्या माणसालाही डोळाच दिसला आणि इकडच्यालाही.

मुक्काम_टोरोंटो
मूळचा रावपुऱ्याचा. इथे एका शेजाऱ्याने सांगितलेली गोष्ट: 'पॉश' हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आला. हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची खोली थंड असे, श्रीमंत लोक ती घेत, आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पॉश. तसंच 'सॅलरी' म्हणजे रोमन सैनिकांना पगार म्हणून मिळणारं मीठ. शिकवणीत सांगायला झकास आहेत.

ध्वनिवेल्हाळ
टोरोंटोकर, पॉश सांगू नका. तसं अक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शब्दाचं मूळ अनिश्चित आहे. सॅलरीचं अर्धं खरं आहे. लॅटिन 'सालारियुम'मध्ये 'साल' म्हणजे मीठ नक्की आहे. पण सैनिकांच्या ओंजळीत पगार म्हणून मीठ घालत असत, याला पुरावा नाही.

एक ठोकताळा सांगते. आद्याक्षरांतून शब्द झाला अशी गोष्ट असेल आणि शब्द विसाव्या शतकाच्या आधीचा असेल, तर ती गोष्ट बहुतेक वेळा कोणीतरी मागाहून रचलेली असते. सुरसागरकाठी, मुलांना पडताळायलाही शिकवा. ऐकलेली गोष्ट कोशात सापडते का, हे बघायची सवय लागली तर व्हॉट्सअॅपवरच्या निम्म्या गोष्टींपासून ती वाचतील.

मुक्काम_टोरोंटो
बरं झालं विचारलं. इथे वीस वर्षं सांगत होतो.

मांडवीकर
सॅलरीवरून आठवलं. आपला 'पगार'ही परका आहे. पोर्तुगीजांचं 'पगार' म्हणजे पैसे देणे. चावी, बटाटा, पाव ही सगळी त्यांच्याच जहाजांतून उतरलेली मंडळी. घरात शिरून इतकी वर्षं झाली की त्यांना आता कोण परकं म्हणेल?

नवा_बाजार_कापडवाला
आजोबा, आमच्या दुकानात या, ताग्या-ताग्यावर गाव लिहिलेलं आहे. 'कॅलिको' म्हणजे कालिकतचं कापड. 'चिंट्झ' म्हणजे आपली छींट. 'डंगरी' मुंबईच्या डोंगरीची. 'डेनिम' फ्रान्समधल्या नीम गावचं आणि 'जीन्स' इटलीतल्या जेनोआची. 'खाकी' म्हणजे फारसी खाक, धूळ. आणि गुजरातेत बसून आम्ही जी बांधणी विकतो, तिच्याच कुळातला 'बँडाना'. गाठ बांधून रंगवायचं म्हणून बांधणी. काल एक कॉलेजची मुलगी बँडाना आहे का विचारत आली. मी बांधणीची ओढणी उलगडली आणि एक बारीक गाठ न सोडलेली होती ती तिला हाताने चाचपून बघायला लावली. म्हटलं, शब्द या गाठीत आहे.

तिने दोन घेतल्या.

खंबातची_लेक
माझं माहेर खंबातचं. घराच्या चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टांकं होतं, वर दगडी झाकण. लहानपणी त्यात तोंड घालून हाक मारायचो, आवाज घुमून परत यायचा. 'टँक' या इंग्रजी शब्दामागे हेच गुजराती-मराठी टांकं-टाकं आहे, पोर्तुगीज 'तांक'चाही त्याला हात लागला असावा असं कोशकार धरतात. गडांवर जाणाऱ्यांना टाकं सांगायला नकोच.

मग रणगाडा टँक कसा झाला? पहिल्या महायुद्धात इंग्रज ती गाडी गुपचूप बनवत होते. बाहेर कळू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं. सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ती उतरली, तोपर्यंत नाव चिकटलं होतं. मला नेहमी वाटतं, जे दगडी झाकण उचलून आजी कळशी भरायची, त्याच्या नावाचं हे काय झालं. आनंदाने सांगावी अशी ही गोष्ट नाही. पण सांगावी मात्र नक्की.

सुई_दोरा
या धाग्यासाठी अकाउंट काढलं. सेव-उसळीतल्या 'उसळ'ची व्युत्पत्ती कोणी सांगेल का?

राधिका_घडियाळी_पोळ
सुई_दोरा, स्वागत! त्यावर वेगळा धागा काढा, इथे उसळ आली की इंग्रजी मागे पडेल.

हिशेबनीस_मकरपुरा
परत आलोय. हा धागा रविवारी मुलीला वाचायला दिला. तिने 'आयलंड'मधला एस का बोलत नाहीत ते स्वतः शोधलं. मूळ जुन्या इंग्रजीत एस नव्हताच. लॅटिन 'इन्सुला'वरून आलेल्या 'आइल'शी गल्लत झाली आणि एस आत शिरला. मला म्हणाली, "बाबा, डेटमधला बी निदान नात्यातला आहे. आयलंडचा एस तर चुकीच्या घरी शिरलाय." ती स्पेलिंगबद्दल आपणहून बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

तरी माझं म्हणणं सोडलेलं नाही. काळ अजून चुकतात. एक सुचवतो. वाटेल तो शब्द न घेता त्या दिवसाच्या धड्यातलाच घ्या, आणि पाच मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पाच.

ध्वनिवेल्हाळ
हिशेबनीस यांच्या सूचनेला +१. आणि मुलीला माझी शाबासकी कळवा. नात्यातला आणि चुकीच्या घरी शिरलेला हा फरक तिने बरोबर पकडलाय.

सुरसागरकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

निरोप आला होता त्या घरी फोन केला. आई बोलल्या. मुलाला गेल्या वर्षी इंग्रजीत काठावर मार्क होते, धास्ती त्याची आहे. मी हिशेबनीस दादांचीच सूचना सांगितली, धड्यातलाच शब्द आणि घड्याळ लावून पाच मिनिटं. त्या हो म्हणाल्या. मग विचारलं, "टीचर, तो वहीत पाहुणा-पाहुणा काय लिहितो?" पाहुणा लिहिणारा मुलगा त्यांचाच आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यांना बीची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "हे त्याने घरी आम्हाला नाही सांगितलं."

काल त्याच मुलाने विचारलं, "टीचर, ट्यूशनचं मूळ काय?" धड्यातला शब्द नव्हता, पण मुलांनीच एक दिवस सूट मागितली. कोश सगळ्यांनी मिळून उघडला. लॅटिन 'तुएरी', म्हणजे लक्ष ठेवणे, सांभाळणे. ट्यूशनचा इंग्रजीतला जुना अर्थ शिकवणं नव्हताच, राखण करणं, सांभाळ करणं हा होता. 'ट्यूटर' त्याच मुळातला, म्हणजे सांभाळणारा. मुलगा म्हणाला, "म्हणजे आई पण ट्यूटरच." वहीत तेच लिहिलंय. या वेळी घरी दाखवणार म्हणाला.

सोमवारच्या धड्यात 'स्कूल' आहे. ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ फुरसत. दहावीच्या वर्षात हे सांगू का?

मांडवीकर
सांगा. मुलं काय म्हणतात ते इथे लिहा.

वॉर्डमधून
सोमवारी रात्रपाळी आहे, ब्रेकमध्ये येऊन वाचते.